दांडीची वरात

सायकल हवी होती, म्हणून चालायचं ठरलं. यात काही विसंगत आहे हे शरयू गंधेला ठरवताना अजिबात जाणवलं नाही. नंतर मात्र स्टेशनातल्या पानवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत बोईसरमधल्या प्रत्येकाने ते आवर्जून तिच्या लक्षात आणून दिलं.

सायकल हवी होती दवाखान्यातल्या पंढरी कंपाउंडरला. पंढरीपाशी क्षयाच्या सुया होत्या आणि क्षयाचे रोगी होते डोंगराकडच्या पाड्यांवर. सुई घ्यायची दिवसाआड, तीही महिनोन् महिने. म्हणजे दोन वाक्यं बोलताना ज्याला धाप लागते, त्याने दिवसाआड टेकड्या उतरून बोईसरला यायचं, सुई टोचून घ्यायची आणि पुन्हा त्याच टेकड्या चढून घरी जायचं. ही व्यवस्था ज्यांनी कुणी आखली, त्यांची स्वतःची फुप्फुसं उत्तम असणार.

शरयूकडे भांडी घासायला येणाऱ्या लाडकीचा नवरा, जिव्या, असा काही दिवस आला आणि मग यायचा थांबला.

"तो नाय येनार आता, बाय," लाडकी राखेनं पातेलं घासत म्हणाली. "चालवत नाय त्याला."

"अगं, पण डॉक्टरांनी बजावलंय ना? आत्ता सुया सुटल्या तर पुढे औषध लागूच पडायचं नाही."

"मंग काय करू? सुई काय चालत येल का घरी?"

शरयूच्या मांडीवर ठमी होती. दीड वर्षाच्या पोरीने भाताचा घास गालात धरून ठेवला होता आणि आईकडे बघून ती मिटल्या तोंडाने हसत होती. अशा वेळी माणूस नको तितकं मऊ होतं. शरयू म्हणाली, "येईल."

लाडकीने पातेलं खाली ठेवलं आणि मान वर करून बघितलं. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी दारात पाऊल टाकताच तिने विचारलं, "सुई निगाली का, बाय?" तिसऱ्या दिवशीही तेच. जणू सुई गुजरात मेलने निघाली होती आणि गाडीला तेवढा उशीर झाला होता.

आता कंपाउंडरला सायकल मिळाली, तर दवाखाना मिटल्यावर गाडीवाटेने वळसा घालून तो पाड्यांवर जाऊ शकत होता. तो जायला तयारही होता. सायकल द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. अशात वाण्याच्या साखरेच्या पुडीवर शरयूला एक बातमी सापडली. परदेशात म्हणे लोक इस्पितळांसाठी मैलच्या मैल चालतात आणि त्यांचं चालणं बघून बाकीचे पैसे देतात. बातमीचा शेवट पुडी बांधताना फाटला होता. तो शाबूत असता तर पुढचं सगळं टळलं असतं, असं शरयूच्या नवऱ्याचं आजही मत आहे.

नवरा म्हणजे भगवंत. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चाललं होतं, तिथल्या एका ठेकेदाराच्या कचेरीत तो नकाशे काढत असे. दिवसभर देशातल्या सगळ्यात जाड भिंती कागदावर आखून तो घरी यायचा आणि घरच्या भिंतीत साधा खिळा ठोकायला सांगितला की त्याचा हात दुखायचा.

"चालायचं आणि पैसे मागायचे," तो म्हणाला. "याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, शरयू."

"तुम्ही येणार की नाही?"

"मी कुठे नाही म्हणतोय? मी फक्त शब्द आठवत होतो."

शेजारच्या खोल्यांत राहणारे निवृत्त पोस्टमास्तर दामूअण्णा यांना कल्पना ऐकून आधी धक्का बसला. "माणूस चालला म्हणून पैसे? मग आमच्या पोस्टमनांचं सरकार केवढं देणं लागतं, सूनबाई!" पण पाच मिनिटांत ते उठले, टोपी घालून परत आले आणि पदयात्रेचं नेतृत्व त्यांनी आपल्याकडे घेतलं. जायचं कुठे, हेही त्यांनीच ठरवलं. "पदयात्रा म्हणजे दांडीयात्रा! गुजरातेतली दांडी लांब पडेल. पण आपल्या किनाऱ्याला ही घरची दांडी असताना दुसरीकडे जायचं कशाला?"

दांडी हे मासेमारांचं गाव. होड्या चांगल्या चालल्यात, हातात पैसा खेळतोय, असं शरयूनेही ऐकलं होतं. ठरलं. बोईसर ते दांडी.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, डोक्यावर कांदा ठेवा, ऊन लागत नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, कांदा खिशात ठेवायचा असतो. बायकांना खिसे नसतात हे कुणाच्या ध्यानात यायच्या आत तिसऱ्या बाईंनी तळपायांना एरंडेल चोळायला सांगितलं. शरयूने ते चोळलं, चप्पल घातली आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत ती न चालताच पोचली. ठमीला हे फार आवडलं. तिने दोन्ही हात वर करून "पुन्ना! पुन्ना!" म्हणून सांगितलं.

पण खरा पाय घसरला तो परवानगीपाशी. रस्त्यावरून घोळक्याने चालायचं तर सरकारी कचेरीतून लेखी परवानगी हवी. भगवंतने रजा टाकली आणि तो गेला. संध्याकाळी आला तो एकदम खुर्चीत बसला आणि पाणीसुद्धा मागेना.

"काय झालं?"

"त्यांच्याकडे तीनच प्रकार आहेत. दिंडी, मोर्चा आणि वरात. कारकुनाने विचारलं, तुमच्यात देव आहे का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, मग दिंडी कटाप. काही मागणी आहे का? मी म्हटलं, सायकल. म्हणाला, मागणी म्हटली की मोर्चा, आणि प्रकल्पाच्या बाजूला मोर्चाला बंदी."

"मग?"

भगवंतने खिशातून कागद काढला आणि तो टेबलावर पालथा ठेवला. "वाजंत्र्यांचा रकाना रिकामा सोडून चालत नाही म्हणाला. मी एक लिहिला."

अशा रीतीने क्षयरोग निवारण पदयात्रेला वरात म्हणून परवानगी मिळाली. एका वाजंत्र्यासह.

फलक मात्र शरयूने कुणाला हात लावू दिला नाही. ठमी दुपारची झोपली की ती जुनं धोतर जमिनीवर पसरायची आणि गेरूच्या रंगात काडी बुडवून एकेक अक्षर रंगवायची. 'मदत करा' लिहायचं नाही, हे तिने पहिल्यापासून ठरवलं होतं. त्यात हात पसरल्यासारखं वाटतं. शेवटी तिला हवं ते वाक्य सुचलं. क्षयरोग निवारणात आपला वाटा उचला. 'वाटा उचला' या शब्दांत कशी बरोबरी आहे, भारदस्तपणा आहे! तिने ते लाडकीला वाचून दाखवलं. लाडकी म्हणाली, "चांगलं हाय. सुई निगाली का?"

रविवारी सकाळी स्टेशनाबाहेर जमायचं होतं. महिला मंडळ येणार होतं, भगवंतच्या कचेरीतली मंडळी येणार होती, भजनी मंडळाने तर कुठल्या बाजूने चालायचं यावरून भांडूनही घेतलं होतं. प्रत्यक्षात अध्यक्षीणबाईंना शिंका आल्या, चिटणीसबाईंकडे पाहुणे आले आणि बाकीच्यांकडून काहीच आलं नाही. दांडीला जायच्या दिवशी साऱ्या बोईसरने दांडी मारली. उरले दामूअण्णा काठी घेऊन, फलकाच्या दोन काठ्यांना भगवंत आणि पंढरी, बिस्किटांच्या डब्याला वर फट पाडून तो डोक्यावर घेतलेली लाडकी, आणि कडेवर ठमीला घेऊन शरयू. ठमीच्या हातात भगवंतने आदल्या दिवशी आणलेली पत्र्याची पिपाणी होती. ती विकत घेताना आपण भविष्याची तरतूद करतो आहोत हे त्या माणसाच्या स्वप्नातही नव्हतं.

कारण तेवढ्यात बंदोबस्ताचे हवालदार आले. मिशी भरघोस आणि आवाज असा की फलाटावरच्या कुणालाही गाडीची घंटा ऐकू येऊ नये. त्यांनी कागद वाचला, माणसं बघितली, पुन्हा कागद वाचला.

"वाजंत्री कुठाय?"

कुणी काही बोलायच्या आत ठमीने पिपाणी तोंडाला लावली आणि जीव खाऊन वाजवली.

"हं. एक. बरोबर आहे," हवालदार म्हणाले. "नवरदेव कोण?"

सगळ्यांनी भगवंतकडे पाहिलं. भगवंतने शरयूकडे पाहिलं. दामूअण्णांच्या मंडळी जाऊन वर्षं झाली होती. त्यांनी उगाच टोपी सारखी केली. उरला पंढरी. त्याचं लग्न व्हायचं होतं, तो कानापर्यंत लाल झाला.

"अहो, ही वरात नाही," शरयू म्हणाली. "हे नुसतं लिहिण्यापुरतं आहे."

"बाईसाहेब, लिहिलंय तेच खरं. मी वरातीच्या बंदोबस्ताला आलोय. नवरदेवानं पुढं चालायचं. आणि नवरी?"

"नवरी आणायलाच चाललोय," भगवंत म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी शांत झाला होता, आणि शरयू त्याच्या त्या आवाजाला भीत असे. "सायकल म्हणतात तिला."

हवालदारांनी यावर विचार केला. "शिकलेली असेल," ते म्हणाले, आणि वरात निघाली.

शरयूच्या कल्पनेत लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून कौतुकाने बघणार होते. बघितलं ते सिमेंटच्या ट्रकवाल्यांनी. एकाने गाडी थांबवून डोकं बाहेर काढलं. "बहनजी, कहाँ जाना है? बैठ जाओ, छोड देते हैं."

"नको. हमको चालनेका है."

"क्यों?"

"सायकल के लिए."

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. मग कळवळून म्हणाला, "तो साहब से बोलो ना, सायकल ले लेंगे," आणि भगवंतकडे एक जळजळीत कटाक्ष टाकून निघून गेला. तो कटाक्ष भगवंतने पुढे किती तरी दिवस जपून ठेवला आणि भांडणात अधूनमधून वापरला.

डब्यात कुणी काही टाकेना. वेग ठमीच्या हातात होता, कारण तिला मधूनच खाली उतरायचं असे, आणि खाली उतरली की पुढे जायचं नसे. प्रत्येक खड्याची ओळख करून घ्यायची, तो आईला दाखवायचा, आईने "अय्या, केवढा छान!" म्हणायचं, मग दुसरा. शरयूच्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा दामूअण्णांनी टपाल खात्यातल्या चपला कशा असत ते सांगितलं. तिने दुसरीही चप्पल काढली आणि अनवाणी चालू लागली. रडू येत होतं, पण ठमी खडे दाखवत असताना रडता येत नाही.

"बाय, कोन नाय देत," लाडकी डबा हलवून म्हणाली. आत काही वाजलं नाही.

"देतील. दांडीत देतील."

"नाय दिलं तर?"

शरयूने ठमीला उचलून कडेवर घेतलं. पण तिच्या डोळ्यांपुढे पातेलं खाली ठेवून वर बघणारी लाडकी उभी राहिली, आणि आपण त्या दुपारी तोंडातून एकच शब्द कशाला काढला, असं तिला झालं.

समुद्राचा वारा लागला तसा फलक फडफडू लागला. भगवंतकडच्या काठीभोवती त्याची आधी एक गुंडाळी झाली, मग दुसरी, आणि बघता बघता 'क्षयरोग निवारणात' हे शब्द पार आत गेले. उरलं ते 'आपला वाटा उचला'. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. हवालदारांनी मात्र फलकाकडे बघितलं. बिनघोषणेची वरात त्यांना मघापासून खटकतच होती. दांडीच्या किनाऱ्यावर पाऊल टाकताच त्यांनी छाती भरून घेतली आणि आरोळी दिली, "आपला वाटा उचलाऽऽ!"

किनाऱ्यावर होड्या नुकत्याच लागल्या होत्या. जाळी उपसणं चाललं होतं. वाळूवर बोंबील, मांदेली, कोलंबीचे ढीग पडत होते, आणि त्या एकेका ढिगाला तिथे एकच नाव होतं: वाटा. मालकाचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशाचा वाटा. होडी लागली की आपला वाटा उचलायचा, हे तिथल्या पोरासोरांनाही कुणी शिकवावं लागत नसे. आणि इथे तर खाकी कपड्यातलं सरकार स्वतः येऊन ओरडत होतं.

आरोळी विरायच्या आत टोपल्या घेतलेल्या बायकांनी वरातीला गराडा घातला.

"कंचा वाटा? कुटं हाय?"

"परकल्पाची मानसं हायत! काय तरी वाटतान!"

"आगो, टोपली आन मोटी!"

सगळ्यांच्या पुढे साखरबाई होती. अंगाने थोराड, कमरेला कोयता, केसांत अबोलीचा गजरा. तिने लाडकीच्या डोक्यावरचा डबा दोन्ही हातांनी उतरवून घेतला, फटीतून आत पाहिलं आणि म्हणाली, "यात? यात तं एक मांदेली नाय मावाची."

"अहो बाई, तुम्हाला घ्यायचा नाही," शरयू काकुळतीला येऊन म्हणाली. "वाटा तुम्ही द्यायचा आहे!"

डबा धप्पकन वाळूत आला.

"आमी द्याचा?" साखरबाई म्हणाली. "बोलावलंव उचलाला, आन आता म्हनताव द्याचा? आगो बायांनो, आयकलंव का? शिकलेली मानसं हायत ही!"

मग जो गदारोळ उठला त्यात कुणाचं कुणाला ऐकू येईना. दामूअण्णा काठी उंचावून सत्य आणि अहिंसा यांवर बोलू लागले. हवालदार "वरातीला वाट द्या" म्हणून ओरडत होते, आणि 'वाट' शब्द ऐकून मागून आणखी टोपल्या येत होत्या. "नवरा कंचा?" म्हणून बायका पंढरीला निरखू लागल्या, एकीने त्याचा दंड चाचपून "बारीक हाय" असा निर्वाळाही दिला. शरयू क्षयरोग, निवारण, सामाजिक जबाबदारी असे शब्द एकामागून एक फेकत होती आणि ते वाळूत पडत होते. एवढ्या मेहनतीने रंगवलेलं तिचं भारदस्त वाक्य तिच्यावरच उलटलं होतं. आता मात्र तिचे डोळे भरून आले. खाली बघते तर कडेवर ठमी नाही.

ठमी एका ढिगाशेजारी फतकल मारून बसली होती. हातात तिच्या हाताएवढा बोंबील होता आणि ती तो आईला दाखवत होती. शरयूने सवयीने, रडत रडत, "अय्या, केवढा छान!" म्हटलं.

साखरबाई हसली. तिचा आवाज उतरला. "कोनासाठी मागताव गो?"

शरयूने पदराने डोळे पुसले. लाडकी पुढे झाली.

"माज्या घरवाल्यासाठी. खोकला हाय त्याला. रगत पडतं. सुई हाय, पन लांब हाय, आन त्याला चालवत नाय. या भाऊला सायकल पायजे, मंग सुई घरी येल."

"आजारी हाय?"

"हां."

"मंग हे आदी सांगाचं ना!" साखरबाई शरयूवर कडाडली. "आजाऱ्याचा वाटा मागताव, आन सरळ बोलाला काय झालं? आमचा मानूस आथरुनाला खिळला, होडीवर नाय आला, तं त्याचा वाटा कोन बुडवतो का?" तिने वळून होड्यांकडे हाक घातली. "आजाऱ्याचा वाटा काढा रं!"

एका होडीने काढला. मग दुसरीने, तिसरीने. कुणी बोंबील टाकले, कुणी कोलंबी, कुणी एक लखलखीत पापलेट. शरयूच्या अनवाणी पायांपाशी ढीग वाढत गेला, गुडघ्याला लागला. आयुष्यात अंड्यालाही हात न लावलेली शरयू त्यात पाय रोवून उभी होती, आणि साखरबाई कमरेवर हात ठेवून फलकाकडे बोट दाखवत म्हणाली, "आता काय त्यावर लिवलंय तसं करा. उचला!"

उचलून न्यायचं कुठे आणि कसं? महिला मंडळाच्या दारात? साखरबाईने कपाळाला हात लावला आणि शरयूला खांद्याने दाबून वाळूत बसवलं. "इथंच विकाची. आवाज काढ."

"मी?"

"वाटा तुजा, आवाज काय मी काढू?"

शरयूने आवाज काढला. तो तिच्या स्वतःच्याही कानापर्यंत पोचला नाही. ठमीने पिपाणी वाजवली. मग हवालदारांना राहवेना, त्यांनी पुन्हा छाती भरून घेतली आणि "आजाऱ्याचा वाटाऽऽ!" म्हणून असा पुकारा केला की व्यापारी धावत आले. भगवंत लिलाव पुकारू लागला. त्याला भाव ठाऊक नव्हते, त्यामुळे तो घाबरून चढेच सांगत होता, आणि आजाऱ्याचा वाटा म्हणून कुणी घासाघीस करेना. दामूअण्णा नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. पण ते पापलेट रुमालात गुंडाळून कुणी नेलं, याची वाच्यता पुढे कुणी केली नाही. पंढरी बोटांवर मोजत काही तरी जुळवत होता. मधेच तो थांबला, शरयूकडे पाहून हसला, आणि सायकलपुरते जमले हे तिला कळलं.

शेवटचा थोडासा ढीग साखरबाईने विकू दिला नाही. "हा तिच्या घरी," ती म्हणाली, आणि लाडकीने तो बांधायला फडकं शोधलं तेव्हा फलकाशिवाय काही सापडलं नाही.

परतताना त्या ट्रकवाल्याने पुन्हा गाडी थांबवली. या वेळी कुणी नको म्हटलं नाही. त्यानेच मात्र वास घेऊन मंडळींना मागे, सिमेंटच्या पोत्यांवर बसवलं. ठमी आईच्या कुशीत लगेच झोपली, बोंबलाचा वास येणाऱ्या मुठी घट्ट मिटून. तो वास पुढे बरेच दिवस गंधे आडनावाला शोभा देत राहिला.

सायकल आली ती जुनीच, पण भक्कम. आली त्या दिवशी हवालदार मुद्दाम दवाखान्यापाशी आले, कारण कागदावर वरात निघाल्याची नोंद होती, नवरी घरी आल्याची नव्हती. त्यांनी कुठून तरी मुंडावळ्या पैदा केल्या आणि हँडलला बांधल्या. तिला नीट निरखून ते पंढरीला म्हणाले, "शिकलेली नाही दिसत. पण चालेल." पंढरीने औषधांची पेटी पुढच्या दांडीवर करकचून बांधली आणि लाजत पायडल मारलं.

दुसऱ्या दिवशी लाडकी नेहमीपेक्षा उशिरा आली. शरयू ठमीला भरवत होती. आज काही प्रश्न आला नाही, म्हणून तिने वर पाहिलं. लाडकी दारातच थांबली होती.

"आली सुई, बाय," ती म्हणाली. "पन चालत नाय आली."

"मग गं?"

"दांडीवर बसून आली."